फियाट सुरू होते, चार-पाच किलोमीटर जाते अन् बंद पडते: कार्बोरेटर पुन्हा खोलण्याआधी हे पाहा

लक्षण आधी सांगतो, म्हणजे तुमचीही गाडी हेच करते का ते कळेल. बरीच वर्षं उभी राहिलेली पद्मिनी, मेकॅनिकनं कार्बोरेटर (पेट्रोल अन् हवा मिसळून इंजिनला देणारा भाग) खोलून साफ करून दिला, दोन सेल्फमध्ये सुरू झाली, घरचे खूश, मारुतीच्या देवळापर्यंत चक्कर झाली, नारळ फुटला. काही दिवस बरे गेले अन् मग स्लोवर, म्हणजे रेस न देता, चालू राहीना, रेस दिली की खोकायला लागली, अन् चार-पाच किलोमीटर गेलं की दोन झटके खाऊन रस्त्याच्या कडेला गप्प. दहा मिनिटं थांबा, पुन्हा सुरू होते, पुन्हा थोडी जाते अन् पुन्हा तेच. मग परत मेकॅनिक, "भाऊ, कचरा आलता कार्बोरेटरात, काढून देल्ला", परत पैसे, अन् परत थोड्या दिवसांनी टोचन करून घरी.

आमच्या मामाची पद्मिनी वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीच्या बाजूला टिनाच्या शेडात उभी होती. एकीकडे कापूस, दुसरीकडे ढेपीची पोती अन् फवारणीचे पंप, मधात फियाट. (कागदावर ती प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यातली, १०८९ सीसी इंजिन, पण गावात कोणीच पद्मिनी म्हणत नाही, फियाटच.) तिच्यावर काम करताना जे जे सापडलं त्यावरूनच हे लिहून राहिलो. कार्बोरेटर सोलेक्स कंपनीचा आहे, त्यामुळे अँबेसिडरवर सोलेक्स असलेल्यांनाही बरंचसं लागू पडेल.

माझं म्हणणं एवढंच की कचरा कार्बोरेटरात सापडतो म्हणून सगळे तिथंच खोदत बसतात, पण तो तयार होतो मागं, टाकीत, पाइपात, थोडाफार पेट्रोल ओढणाऱ्या पंपात, अन् वाहत वाहत येऊन अर्ध्या मिलिमीटरच्या भोकात अडकतो. मागचं तसंच ठेवून पुढचं कितीदाही धुतलं तरी गाडी पुन्हा तिथंच येणार. मेकॅनिक लोकांनाही हे माहीत राहते, पण कार्बोरेटर तासाभराचं काम आहे, टाकी उतरवणं दिवसभराचं, अन् टाकी धुण्याचे पैसे द्यायला गिऱ्हाईक कुरकुर करते. त्यामुळे त्यांनाही पूर्ण दोष देता येत नाही.

बंद पडली तिथंच तपासा, घरी आणून नाही

घरी आणेपर्यंत कार्बोरेटरची वाटी (जिच्यात पेट्रोल साठते ती) पुन्हा हळूहळू भरून जाते अन् मग मेकॅनिकसमोर गाडी शहाण्यासारखी सुरू होते. म्हणून जिथं बंद पडली तिथंच, त्याच मिनिटाला बोनेट उघडा. एअर क्लीनर काढा, कार्बोरेटरच्या नरड्यात मोबाईलच्या टॉर्चनं पाहा अन् हातानं थ्रॉटलचा (रेसचा) दांडा एकदम पूर्ण ओढा. इंजिन बंद पाहिजे, अन् शेजारी कोणी बिडीवाला नको, हे वेगळं सांगायला नको पण सांगतो, कारण गाडी बंद पडली की सल्ला द्यायला येणारा पहिला माणूस बिडी घेऊनच येते. दांडा ओढल्यावर आत पेट्रोलची बारीक धार उडाली पाहिजे.

धार उडाली म्हणजे वाटीत पेट्रोल आहे. मग कार्बोरेटरच्या मागं लागू नका, करंट म्हणजे ठिणगीची बाजू पाहा. धार नाही आली, कोरडंच आहे, म्हणजे वाटी रिकामी आहे अन् पेट्रोल मागूनच येऊन नाही राहिलं. एक अट आहे, ही धार उडवणाऱ्या ॲक्सिलरेटर पंपाचा डायफ्राम (आतला लवचिक पडदा) फाटलेला असेल तर धार कधीच येणार नाही, म्हणून गाडी चांगली चालू असताना घरी एकदा ही धार पाहून ठेवा.

कोरडं निघालं तर आता मागं जा अन् टाकीचं झाकण उघडा. फुस्स करून हवा आत ओढल्याचा आवाज आला तर अर्धं काम झालं. टाकीला हवा आत जायला रस्ता नाही, पंप पेट्रोल ओढते तशी आत पोकळी होते अन् थोड्या वेळानं पंपाला ओढवतच नाही. दहा मिनिटं थांबलं की कुठून तरी हवा झिरपते, म्हणून गाडी पुन्हा चालते. झाकण ढिलं ठेवून तेवढाच रस्ता पुन्हा चालवून पाहा, नाही बंद पडली तर दोष हाच. आमच्याकडे टाकीच्या हवेच्या नळीत कुंभारीण माशीनं मातीचं घर केलं होतं, नळीच्या तोंडाशी गोल, गुळगुळीत, लिंपल्यासारखं बसवलेलं. वाकडी तार घालून फोडलं तर आतून सुकलेल्या अळ्या निघाल्या. शेडात, कोठ्यात उभ्या गाड्यांची प्रत्येक उघडी नळी या एका गोष्टीसाठी पाहून घ्या, एक्झॉस्टसुद्धा.

आवाज आला नाही तर टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा हातानं दाबायचा दांडा चालवून पाहा. जोर लागते अन् वाटी भरली की दांडा हलका पडते. सुरुवातीपासूनच हलका असेल अन् वाटी कोरडी असेल तर पंप ढकलणारा इंजिनातला कॅम नेमका त्याच जागी थांबलेला असू शकते, इंजिन थोडं फिरवा अन् पुन्हा दाबा. तरी हलका म्हणजे डायफ्राम गेला किंवा मागून हवा ओढून राहिला.

करंटचं थोडक्यात सांगतो कारण त्यावर सांगणारे खूप आहेत. गरम झाली की बंद अन् थंड झाली की सुरू, हे कंडेन्सर अन् कॉइलचंही नेहमीचं लक्षण आहे, म्हणून तर गोंधळ होते. प्लग काढून बॉडीला टेकवून सेल्फ मारा, ठिणगी निळी अन् कडक पाहिजे, पिवळी मरतुकडी नको. हे करताना पेट्रोल सांडलेलं पुसून घ्या. उभ्या गाडीच्या सीबी पॉइंटवर (ठिणगीचा करंट जोडणारी-तोडणारी टोकं) थर बसते, बारीक पॉलिश पेपर फिरवा अन् गॅप साधारण ०.४ मिलिमीटर ठेवा. कंडेन्सर स्वस्त आहे, शंका असली तर बदलूनच टाका.

टाकी

इथं सगळ्यात जास्त वेळ द्या. पेट्रोल वर्षानुवर्षं पडून राहिलं की त्यातला हलका भाग उडून जाते, उरलेला हवेशी लागून चिकट होते, त्याचा वासही पेट्रोलचा राहत नाही, जुन्या वॉर्निशसारखा आंबट वास येते. टाकी अर्धी रिकामी असेल तर वरच्या पत्र्यावर दरवर्षी पावसाळ्याचा दमट थर बसते अन् आतून गंज धरते. हा गंज बारीक लाल पावडर होऊन तळाला बसते. गाडी उभी असली की तिथंच राहते, चालायला लागली, खड्डे लागले की उठते. म्हणून घरासमोर उभी तासभर चालणारी गाडी रस्त्यावर बंद पडते. तळाशी ओढणीच्या नळीला जाळी असली तर गंजाचा चिखल तिच्यावर जाऊन बसते, पंप थांबला की खाली गळून पडते. पुन्हा तेच दहा मिनिटांचं गणित.

आता यात नव्या पेट्रोलची भर. २०२३ च्या फेब्रुवारीत २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला सुरुवात झाली अन् आता जवळपास सगळीकडे तेच मिळते. इथेनॉल जुना चिकट थर सोडवते. ऐकायला चांगलं वाटते, पण सोडवलेला थर जाणार कुठं, पुढंच ना. वरून ते पाणी धरते. टाकीत ओल जास्त झाली की इथेनॉल अन् पाणी मिळून वेगळं होते अन् खाली बसते, अन् ओढणीची नळी नेमकी खालीच राहते. जुनं साधं रबर त्यानं फुगते, मऊ पडते, आतून त्याचे तुकडे सुटतात. म्हणजे ज्या गाड्या सन दोन हजारच्या आधीच्या पेट्रोलवर वाढल्या अन् तेव्हापासून उभ्या आहेत, त्यांच्यात हे पेट्रोल सरळ ओतणं म्हणजे घरातला सगळा जुना कचरा एकाच दिवशी दारात आणून टाकणं.

टाकी उतरवताना आधी बॅटरीची वायर काढा. जुनं पेट्रोल घरापासून दूर, उघड्यावर, पत्र्याच्या डब्यात काढा. ते विहिरीजवळ किंवा धुऱ्यावर ओतू नका, अन् "फवारणीच्या पंपात चालते" म्हणून कोणाच्या इंजिनातही घालू नका, त्याचंही तेच होईल. रिकाम्या टाकीत गरम पाणी, धुण्याचा साबण अन् सायकलची जुनी चेन टाकायची, चेनला तार बांधून तारेचं टोक बाहेर ठेवायचं नाहीतर चेन आतच राहते. मग हलवायची. हलवून हात दुखतात, म्हणून गावात स्लॅबचं काम चालू असेल तर काँक्रीट मिक्सरवाल्याला चहा पाजा, टाकी पोत्यात गुंडाळून मिक्सरच्या ड्रमला बाहेरून बांधली की तो तुमच्यासाठी अर्धा-पाऊण तास हलवून देते. मामा आधी हसले, मग त्यांनीच सुतळी आणली.

गंज जास्त असेल तर फॉस्फोरिक ॲसिडवालं गंज काढायचं औषध मिळते, डब्यावर लिहिल्याप्रमाणे वापरा, हातमोजे घाला, नंतर धुण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुवा, मग साध्या पाण्यानं. उन्हाळ्यात आपल्याकडे टाकी वाळायला एक दुपार पुरते, पण वाळल्याबरोबर आत थोडं ताजं पेट्रोल अन् चमचाभर इंजिन ऑइल फिरवून घ्या, नाहीतर धुतलेल्या पत्र्यावर लगेच नवा गंज चढते. छिद्र असेल तर वेल्डिंगवाल्याकडे तशीच नेऊ नका. रिकामी दिसणारी टाकी भरलेल्यापेक्षा धोक्याची, आत वाफ राहते अन् ती फुटते. आतून लावायचे कोटिंग मिळतात, मला ते पटत नाहीत. पत्रा शंभर टक्के साफ अन् कोरडा नसला तर वर्षभरानं त्याचेच पापुद्रे निघून जाळीवर येतात.

टाकी बसवायच्या आधी पाइप दोन्हीकडून सोडवून पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरनं फुंका, आधी एका बाजूनं मग दुसऱ्या. रबरी जोड सगळे नवे टाका, पेट्रोलचेच, ज्याच्यावर आर९ लिहिलेलं आहे ते इथेनॉलला टिकते. शेतीच्या स्प्रेची नळी लावू नका, महिनाभरात कडक होऊन तडकते. पंपाच्या आधी पारदर्शक फिल्टर लावा, बाणाची दिशा पाहून. तो गाडी सुंदर करत नाही, जुन्या गाडीच्या शौकिनांना खुपते, पण पहिले काही महिने तोच तुमचा डॉक्टर. त्यात लाल पावडर दिसली तर टाकी नीट झाली नाही, काळे तुकडे दिसले तर कुठलातरी रबर विरघळून राहिला.

पंप उघडला तर डायफ्राम बदलाच, जुना चांगला दिसला तरी. अन् एक गोष्ट हमखास करा, ऑइलची डिपस्टिक काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला, ऑइल पातळ झालं, पातळी वर चढली, तर पंपाचा डायफ्राम फाटून पेट्रोल खाली ऑइलमध्ये जाऊन राहिलं आहे. तशी गाडी एक किलोमीटरही चालवू नका, आधी ऑइल बदला.

आता कार्बोरेटर, एकदाच पण नीट

खोलायच्या आधी चारही बाजूंनी फोटो काढा. उतरवला की खालच्या मॅनिफोल्डच्या (इंजिनात जाणाऱ्या नळीच्या) तोंडात कापड कोंबा, एक वॉशर आत पडला तर हेड उतरवायची वेळ येते. काम स्टीलच्या परातीत करा, जेट (बारीक भोकाचा पितळी तुकडा, पेट्रोल मोजून सोडणारा) मातीत पडला तर सापडत नाही. पितळी जेट खोलायला स्क्रूड्रायव्हर खाचेत गच्च बसणारा पाहिजे, पातळ टोकाचा लावला की खाच फाटते. घट्ट असेल तर ऑइल सोडून रात्रभर ठेवा, नाहीतर उकळत्या पाण्यात बुडवा. आग लावायची नाही, बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची आहे, आधी वाकते अन् मग वितळते.

मामाच्या गाडीची वाटी उघडली तेव्हा तळाला बाभळीच्या डिंकासारखा तांबूस गोळा बसला होता, नखानं दाबलं तर चिकटत होता, अन् कडेनं पांढरी पावडर. पांढरी पावडर म्हणजे पाणी राहिल्याची खूण. खरी गंमत स्लोला पेट्रोल देणाऱ्या पिलट जेटमध्ये होती. उजेडाकडे धरलं तर भोक गोल दिसायच्या ऐवजी अर्धचंद्र दिसे. भिंग लावून पाहिलं तर कापसाचा एक तंतू आडवा पडलेला अन् त्याला लाल गंज चिकटलेला. उंदरांनी एअर क्लीनरच्या डब्यात कापसाचं घरटं केलं होतं, आधीच्या मेकॅनिकनं डबा न उघडताच कार्बोरेटर साफ केला. म्हणजे कचरा मागूनही येत होता अन् वरूनही. कापसाच्या पट्ट्यात ज्यांची गाडी उभी आहे त्यांनी एअर क्लीनर आधी उघडा, बाकी नंतर.

जेटवर आकडे कोरलेले राहतात, ते मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. ११५ म्हणजे १.१५ मिलिमीटर, ५० म्हणजे अर्धा मिलिमीटर. म्हणून तार घालू नका, पिन तर नाहीच. लोखंडी तारेनं ११५ चं भोक १२५ एवढं झालं तर पेट्रोल जायचा रस्ता जवळपास १८ टक्क्यांनी वाढते अन् मग गाडी पेट्रोल खाते, प्लग काळे पडतात, अन् तुम्ही करंटचे पार्ट बदलत बसता. जेट थिनरमध्ये किंवा कार्बो क्लीनरमध्ये भिजत ठेवा, मग उलट्या दिशेनं हवा मारा. फारच अडलं तर लवचिक वायरमधला तांब्याचा एकच तंतू, तांबं पितळेपेक्षा मऊ आहे. चिंचेनं पितळ चमकते म्हणून अख्खा कार्बोरेटर चिंचेच्या पाण्यात बुडवा असा सल्ला मलाही मिळाला होता. आंबटानं जस्ताची बॉडी खाल्ली जाते. चिंच भांड्यांसाठी ठेवा.

बॉडीतले रस्ते जेटपेक्षा महत्त्वाचे अन् तिथंच सगळे कंटाळा करतात. प्रत्येक भोकात क्लीनरचा स्प्रे मारा अन् तो दुसरीकडे कुठून निघते ते पाहा, नाही निघाला तर तो रस्ता बंद आहे. डोळ्यांना चष्मा लावा, हमखास उलटून डोळ्यात येते. थ्रॉटलची पाकळी बंद असते तिथं काठाला सुईच्या टोकाएवढी दोन-तीन भोकं राहतात, स्लोवरून रेस देताना पहिलं पेट्रोल तिथून येते. स्लो चांगला, वरची रेस चांगली, पण ॲक्सिलरेटरवर पाय ठेवताच गाडी दचकते अशी तक्रार असेल तर हीच भोकं. मिक्श्चरचा (स्लोचं पेट्रोल कमी-जास्त करणारा) स्क्रू पूर्ण काढून त्याचं टोक पाहा, कोणी दाबून पिळला असेल तर टोकावर कडं पडलेलं दिसते, मग तो कधीच नीट सेट होत नाही, बदला. कंप्रेसरची हवा मारायची ती सगळं खोलून, जोडलेल्या कार्बोरेटरात हवा मारली तर फ्लोट (वाटीत तरंगणारा पोकळ डबा) चेपते.

फ्लोट पितळी असेल तर कानाशी हलवा, आत पेट्रोल खळखळते का. मग गरम पाण्यात दाबून धरा, भोक असेल तिथून बुडबुडे येतात. झाळ लावता येते पण एक थेंबच, जास्त कथील म्हणजे फ्लोट जड, जड फ्लोट म्हणजे वाटी ओसंडते. वाटी भरली की पेट्रोल अडवणाऱ्या निडल वॉल्वची तपासणी सोपी आहे. झाकण उलटं धरा म्हणजे निडल आपल्या वजनानं बसते, अन् पेट्रोल आत येते त्या नळीतून तोंडानं फुंका. हवा गेली तर निडल फेका. सोलेक्समध्ये वाटीची पातळी निडल वॉल्वखालच्या वॉशरच्या जाडीवर ठरते, त्यामुळे दुरुस्तीच्या किटमध्ये आलेला वॉशर जुन्या वॉशरशी जाडीत जुळते का ते पाहूनच टाका. जाड वॉशर म्हणजे पातळी खाली, पातळ म्हणजे वर. गाडी उभी असताना पेट्रोलचा वास येते अन् गरम इंजिनवर सुरू होताना त्रास देते, तर पातळी वर आहे.

ॲक्सिलरेटर पंपाचा डायफ्राम बसवताना स्क्रू आधी ढिले ठेवा, दांडा पूर्ण दाबून धरा अन् मग स्क्रू आवळा, नाहीतर डायफ्राम ताणलेलाच बसते अन् लवकर फाटते.

आता चोक. या सोलेक्सला वर पाकळी नाही, बाजूला फिरणारी चकती आहे, ओढलं की ती वेगळ्या रस्त्यानं जास्तीचं पेट्रोल सोडते. केबल गंजली की नॉब पूर्ण आत दिसते पण चकती थोडी उघडीच राहते. मग गाडी कायम चोकवर, धूर काळा, ॲव्हरेज गेलं. केबल सोडून चकतीचा दांडा हातानं शेवटपर्यंत नेऊन पाहा अन् मगच केबल आवळा.

खालचा फ्लँज (इंजिनवर टेकणारा सपाट तळ) हे जुन्या कार्बोरेटरचं खरं दुखणं. स्लो बसत नाही म्हणून प्रत्येकानं नट आणखी आवळला, तसे कान खाली वाकले अन् मधून हवा शिरायला लागली. स्टीलची पट्टी उभी ठेवा, मागून टॉर्च मारा, मधून उजेड दिसला तर वाकला आहे. जाड काच घ्या, त्यावर पॉलिश पेपर ओला करून ठेवा अन् फ्लँज हलक्या हातानं आठच्या आकड्यात घासत राहा. कान फारच वाकलेले असतील तर लेथवाल्याकडे द्या. खालचा जाड फायबरचा तुकडा काढून टाकू नका, इंजिनची गर्मी कार्बोरेटरपर्यंत येऊ नये म्हणून तो आहे. अन् पॅकिंगला सिलिकॉन लावणाऱ्याला गाडीजवळ येऊ देऊ नका. पेट्रोलमध्ये ते फुगते, सुटते, अन् त्याचा गोळा जेटवर जाऊन बसते. मामाच्या कार्बोरेटरमधून असा एक निळा गोळा निघाला, मेहनतीनं लावलेला.

थ्रॉटलचा दांडा आडवा हलवून पाहा. खडखड हलला तर तिथून हवा ओढते अन् कितीही सेटिंग करा, स्लो वर-खाली होत राहील. चांगला लेथवाला त्यात पितळी बुश घालून देते. आधी हे तपासा, मगच किटवर पैसे घाला.

सेटिंग

इंजिन पूर्ण गरम, चोक आत. मिक्श्चर स्क्रू हलक्या बोटानं शेवटपर्यंत आत, तिथून दीड फेरा बाहेर, ही सुरुवात. स्लोचा स्क्रू जरा वर ठेवून गाडी चालू करा. मिक्श्चर हळूहळू आत घ्या, इंजिन अडखळायला लागलं की थांबा, आता बाहेर सोडत या, जिथं सगळ्यात मोकळं फिरते तिथं ठेवा. स्लो वाढला तर स्लोच्या स्क्रूनं खाली आणा अन् मिक्श्चर पुन्हा पाहा. नव्या पेट्रोलवर स्क्रू थोडा जास्त बाहेर लागते, इथेनॉलला हवा कमी पुरते म्हणून जुन्या सेटिंगवर गाडी पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) चालते. त्यासाठी मेन जेटचं भोक मोठं करायला जाऊ नका, आधी चार-आठ दिवस चालवून प्लगचा रंग पाहा. बिस्किटी असेल तर काही करू नका. पांढरा खडखडीत असेल तर आधी हवेची गळती शोधा, चालू इंजिनवर फ्लँजभोवती पाण्याचा बारीक फवारा मारा, आवाज बदलला तिथं गळती आहे. यासाठी कार्बो क्लीनर मारणारे पाहिलेत, गरम मॅनिफोल्डवर तो पेट घेते.

मे महिन्यातलं वेगळं दुखणं

हे सगळं करूनही मे महिन्यात गाडी बंद पडली तर लगेच कचऱ्याला शिव्या देऊ नका. आपल्याकडे पारा ४५ च्या वर जाते, चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे तर विचारू नका. त्या गर्मीत पाइपात नाहीतर पंपातच पेट्रोलची वाफ होते अन् पंपाला वाफ ढकलवत नाही. ओळखायचं कसं, तर हे चालत्या गाडीत कमी अन् थांबल्यावर जास्त होते. रेल्वे फाटकावर पाच मिनिटं इंजिन बंद करून उभी केली अन् मग सुरूच होईना, असं. पंपावर ओलं फडकं ठेवा, थोड्या वेळानं चालते. कायमचा उपाय म्हणजे पाइप एक्झॉस्टपासून जितका लांब नेता येईल तितका नेणं, पंपाच्या खालचा गर्मी अडवणारा जाड तुकडा जागेवर आहे का पाहणं, अन् दुपारी बारा ते चार गाडी झाडाखाली ठेवणं.

पार्ट्सचं शेवटी सांगतो. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेल्या, त्यामुळे जुना माल आता ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच आहे. दुकानात जाताना कार्बोरेटरच्या बॉडीवर कोरलेला नंबर अन् सगळ्या जेटचे आकडे कागदावर लिहून न्या, "फियाटचं किट द्या" म्हटलं की जे समोर पडलं असते ते देतात. किट उघडून डायफ्रामची भोकं जुन्याशी जुळवा, निडलची लांबी जुळवा. बाजारात स्वस्त नवे कार्बोरेटरही दिसतात, चमकदार, पण त्यातल्या जेटवर आकडे नसले तर ते भोक किती मिलिमीटरचं आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसते. वाकलेला, काळा पडलेला का होईना, जुन्या बॉडीत जेट मूळचे असतील तर तोच दुरुस्त करा, अन् बदलून निघालेले जुने जेट डबीत ठेवून द्या, पुढच्या वेळी मोजायला तेच लागतात.